‘हातभार’ म्हणू नका!

सणासुदीला घरात भांडण काढू नये, अशी आपल्याकडची रीत आहे. पण हिशेबाचे भांडण दिवाळीत काढायचे नाही, तर मग काढायचे तरी केव्हा? व्यापाऱ्याच्या नव्या वह्या याच दिवसांत येतात. लक्ष्मीपूजनाला वहीवर हळदकुंकू पडते, पहिल्या पानावर ‘श्री’ उमटते, जुन्या खात्यांची बाकी ओढली जाते. माझी तक्रार अशाच एका जुन्या खात्याबद्दल आहे. त्याची बाकी आपण शंभर वर्षांत ओढलेली नाही. कारण ते खाते आपण उघडलेलेच नाही.

तक्रार एका शब्दाविरुद्ध आहे. तो शब्द ‘हातभार’.

कोणत्याही घरात मागच्या पिढ्यांची हकीकत निघाली की हा शब्द आलाच म्हणून समजा. “आजोबांची नोकरी गेली तेव्हा आजीने चार माणसांचे जेवण करून संसाराला हातभार लावला.” “आजोबांचे दुकान होते. आजी हातभार लावायची.” शब्द मोठा गोड आहे. ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात, सांगणाऱ्याचा गळा भरून येतो, आणि आजीच्या तसबिरीला ताजा हार पडतो. पण माझा जन्म दुसऱ्यांच्या कीर्द-खतावण्या तपासण्यात गेला. गोड शब्द कानावर आला की मागोमाग रक्कम विचारायची मला खोड लागलेली आहे. हातभार म्हणजे किती? घरात महिन्याला शंभर रुपये येत असतील आणि त्यांतले ऐंशी आजीचे असतील, तर हातभार कोणी कोणाला लावला?

माझे म्हणणे सरळ आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत मराठी बायकांनी धंदे केले. त्यांनी भांडवल घातले, उधारी दिली, उधारी वसूल केली, नुकसान सोसले, नफाही काढला. या सगळ्याला बाजारात जे नाव आहे ते नाव आपण त्यांच्या कामाला दिले नाही. आणि ज्या कामाला धंद्याचे नाव नाही त्याच्या पाटीवर, पावतीवर, वहीवर करणारीचे नाव येत नाही. नाव नाही म्हणून हक्क नाही, आणि हक्क नाही म्हणून म्हातारपणी तिच्या हाती काही नाही. हा शब्दाचा खेळ नव्हे. यात माणसांची घरे गेलेली आहेत.

आपली भाषाच या बाबतीत कशी वागते ते पाहा. ‘धंदेवाला’ म्हटले की डोळ्यांपुढे गादीवर बसलेला, कानाला पेन्सिल लावलेला गृहस्थ येतो. त्याच शब्दाचे स्त्रीलिंग करून बघा! चारचौघांत ते उच्चारता येत नाही. पुरुषाने बाजारात बसून चार पैसे मिळवले तर तो प्रतिष्ठित, आणि बाईने मिळवले तर तिच्यासाठी भाषेने शिवी राखून ठेवलेली. मग सभ्य घरांनी काय केले? बायकांचे धंदे झाकायला मऊ शब्द शोधले. हातभार, हौस, सेवा, घरगुती! आणि झाकता झाकता धंदाच नाहीसा केला.

आता नुसते शब्द पुरेत. प्रत्यक्ष धंद्याकडे वळू. मी खाणावळीचे उदाहरण घेते, कारण तो धंदा मला घरातून ठाऊक आहे.

मुंबईत कापसाच्या पहिल्या गिरणीची कंपनी १८५४ साली निघाली आणि १८५६ साली गिरणी चालू झाली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत गिरण्यांतल्या कामगारांची संख्या दीड लाखाच्या आसपास पोचली होती. परळ, लालबाग, चिंचपोकळी, शिवडी, वरळी हा सगळा गिरणगाव. तिथे राहणारी माणसे रत्नागिरीची, साताऱ्याची, घाटावरची. बहुतेकांची बायकामुले गावी. एकेका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा गडी. पाळी बदलली की अंथरूण तेच, माणूस दुसरा. या माणसांना दोन वेळ जेवायला कोण घालत होते? गिरणीमालक नव्हे, सरकारही नव्हे. चाळीतल्या बायका घालत होत्या. महिना ठरवून जेवण द्यायचे, पगार झाला की पैसे घ्यायचे, हीच खाणावळ.

“त्यात काय मोठे?” असे म्हणणारे मला भेटतात. “घरी चार माणसांचा स्वयंपाक करायचा तो पंधरांचा केला!” या गृहस्थांना मी पाटी-पेन्सिल घेऊन बसवते. समजा, पंधरा माणसे जेवायला आहेत आणि दर माणशी महिना दहा रुपये आहे. गिरणीचा पगार महिना भरल्यावर लगेच होत नसे. पुढच्या महिन्याचा पंधरवडा उलटायला येई तेव्हा तो हाती पडे. पगार सात किंवा दहा दिवसांच्या आत दिलाच पाहिजे, असा कायदा व्हायला १९३६ साल उजाडावे लागले. म्हणजे पहिल्या तारखेला जेवायला बसलेल्या माणसाचा पैसा पंचेचाळीस दिवसांनी येणार. तोवर पंधरा माणसांनी सव्वादोनशे रुपयांचे जेवण जेवलेले असे. त्यांतला पाऊण हिस्सा जरी तांदूळ, बाजरी, डाळ, तेल, मीठ-मसाला आणि सरपण यांत गेला असे धरले, तरी सुमारे १७० रुपये त्या बाईने आधी खिशातून घातलेले असत. खिशातून म्हणायचे, पण खिसा कुठे होता! वाण्याच्या उधारीतून, नाहीतर सराफाकडे ठेवलेल्या पाटल्यांतून. गिरणीतल्या साध्या कामगाराचे कित्येक महिन्यांचे पगार एकत्र केले तर ही रक्कम भरे.

व्यापारी या रकमेला खेळते भांडवल म्हणतो आणि तेवढ्यावर पेढी काढून बसतो. वाण्याकडून उधार घ्यायचे, गिऱ्हाइकाला उधार द्यायचे, मधल्या दिवसांचे व्याज सोसायचे, कोण बुडवील आणि कोण फेडील हे तोंडावरून ओळखायचे, भाव चढला तर दर न वाढवता ताटातली कोणती वस्तू कमी करायची ते ठरवायचे, हे सगळे ती करत होती. गिरणगावचा सगळा कारभार महिना-दीड महिना उधारीवर चाले आणि त्या उधारीचा मोठा भार या चुलींवर होता. मी तर म्हणते, गिरणीमालकाने पगार उशिरा द्यावा आणि तरीही कामगार दुसऱ्या दिवशी पोटभर जेवून साच्यावर उभा राहावा, हे या बायकांच्या भांडवलामुळे साधत होते. मालकाला बिनव्याजी कर्ज मिळत होते, आणि ते देणारी होती चाळीतली खाणावळवाली!

माझ्या वडिलांची आत्या ही त्यांतलीच एक. तिला आम्ही आत्याआजी म्हणत असू. लालबागच्या एका चाळीत दोन खोल्यांत तिची खाणावळ होती. तिचे यजमान गिरणीत होते, पण दम्याने त्यांचे काम लवकर सुटले. पुढची पंचवीस वर्षे ते खोलीच्या दाराशी बाकावर बसून असत, आणि चाळीत त्या जागेला म्हणत त्यांच्या नावाची खाणावळ! आत्याआजीला अक्षरओळख नव्हती. तिचा हिशेब चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांत असे. प्रत्येक माणसाची एक ओळ, जेवला की उभी रेघ, खाडा झाला की फुली. दिवाळीआधी भिंतीला चुना लागे तेव्हा ती सगळ्या ओळी वाचून दाखवी आणि माझ्या वडिलांकडून कागदावर उतरवून घेई. एक रेघही कमीजास्त होत नसे.

१९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांचा मोठा संप झाला. जवळजवळ सहा महिने पगार नाही. गिरणगावच्या वाण्यांनी आणि खाणावळवाल्यांनी उधारी चालू ठेवली नसती, तर तो संप किती दिवस टिकला असता? त्या संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे आहेत, कमिट्यांची आहेत, युनियनांची आहेत, आणि ती असायलाच हवीत. पण लढाईत रसद पुरवणाराचेही नाव घेतात. आत्याआजीने त्या सहा महिन्यांत पाटल्या आणि मोहनमाळ सराफाकडे ठेवली. ज्यांना गावी जाणे शक्य होते ते गेले; उरलेल्यांना तिने एक वेळ भाकरी आणि कालवण घातले. पुढे दोन वर्षे ती वसुली चालली होती. दोघे जण गावी गेले ते परत आलेच नाहीत. त्यांची बाकी ती म्हातारपणीही रुपये-आणे-पै तोंडपाठ सांगे; रागाने नव्हे, खाते अजून उघडे आहे म्हणून.

१९४१ साली तिचे यजमान गेले. आणि मग तो गोड शब्द कामाला आला. दोन्ही खोल्यांची भाडेपावती यजमानांच्या नावावर होती. दिराचा मुलगा त्याच बिऱ्हाडी राहात असे. घरमालकाच्या मेहत्याने पावती त्याच्या नावावर करून दिली. घरात बैठक बसली. “काकूंनी आजवर पुष्कळ हातभार लावला; आता त्यांनी विश्रांती घ्यावी,” असे ठरले. खाणावळ पुतण्याची झाली. भांडी त्याची, गिऱ्हाईक त्याचे, वाण्याकडचे खातेही त्याचे. विश्रांती मात्र काही मिळाली नाही. पुढची दहा वर्षे आत्याआजी त्याच चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती. मालकीण होती ती हाताखालची झाली, आणि कोणालाही काही चुकले असे वाटले नाही. हातभार लावणारीची मालकी ती कसली?

वाचकांपैकी कोणी म्हणेल, “एका कुटुंबातल्या माणसांनी वाईट वागणूक दिली, तर सगळ्या समाजावर कशाला घसरता?” घसरते, कारण ती माणसे वाईट नव्हती. शास्त्राला आणि कायद्याला धरूनच वागत होती. कात्यायनाचे वचन असे की, बाईने शिल्पाने म्हणजे हातच्या कसबाने मिळवलेल्या आणि परक्या माणसाने प्रीतीने दिलेल्या धनावर नवऱ्याचे स्वामित्व. बाकीचे ते स्त्रीधन. बापाने दिलेल्या पाटल्या बाईच्या, पण स्वतः राबून मिळवलेला रुपया नवऱ्याच्या ताब्यातला! इंग्रजांच्या न्यायालयांनीही नवऱ्याच्या हयातीपुरते हे मानले. १८७४ साली विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला. बायकोने नोकरीत वा धंद्यात मिळवलेला पैसा तिचा स्वतःचा, असे त्याच्या चौथ्या कलमात स्वच्छ लिहिले आहे. पण त्याआधीच्या दुसऱ्या कलमाने हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख आणि जैन बायकांना त्यातून वगळून ठेवले होते. ताट वाढले, पण पंगतीला बसवले नाही!

याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवते. १९३० साली विद्याधनाचा कायदा झाला. कुटुंबाच्या पैशावर शिकून कोणी वकील, डॉक्टर झाला, तरी त्याची कमाई त्याचीच, एकत्र कुटुंबाची नव्हे, असे त्यात ठरले. कायदा चांगलाच होता. पण त्या काळी घरच्या पैशाने वकील होणारे बहुतकरून मुलगे होते. मुलाच्या विद्येला १९३०मध्ये न्याय मिळाला. त्याला शिकवण्यासाठी चूल फुंकणाऱ्या आईच्या कसबाला आणखी सव्वीस वर्षे थांबावे लागले. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमाने बाईने ‘स्वतःच्या कौशल्याने किंवा श्रमाने’ मिळवलेली मालमत्ता पूर्णपणे तिची, असे मान्य केले. तो कायदा आला तेव्हा आत्याआजीजवळ मालकी सांगायला काही उरले नव्हते.

आणि आता सगळे ठीक झाले म्हणून कोणी हात झटकू नयेत. त्याच कायद्याचे पंधरावे कलम वाचावे. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली आणि तिला नवरा वा मुलेबाळे नसली, तर तिची स्वकष्टार्जित मिळकतही आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या स्वतःच्या आईबापांचा क्रम त्यांच्या मागून लागतो. २००९ साली सर्वोच्च न्यायालयात असा एक खटला निकाली निघाला. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेल्या आणि सासरहून हाकललेल्या एका मुलीला माहेरच्यांनी शिकवले, ती नोकरीला लागली, जन्मभर मिळवती राहिली आणि १९९६ साली मृत्युपत्राविना गेली. तिची पुंजी कोणाला मिळाली? नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना! न्यायालयाने कायद्यात होते ते सांगितले. ज्या घराने तिला एक घास दिला नाही त्या घराला तिच्या कष्टाचा पैसा जावा, यामागे तोच जुना समज उभा आहे. बाईची कमाई ही नवऱ्याच्या घराला लागलेला हातभार!

सुधारकांनी तरी हा शब्द पुसला का? मी हे भीतभीत लिहिते आहे, कारण त्यांचे माझ्यावर ऋण आहे. १८९६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला नसता, १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या हाताखाली पुण्याचे सेवासदन उभे राहिले नसते, तर माझ्यासारखीच्या हाती वही-पेन्सिल आली नसती. पण त्या काळच्या सभ्य समाजाने बाईला दोन दरवाजे उघडून दिले, शाळेचा आणि इस्पितळाचा. मास्तरीण व्हा, परिचारिका व्हा. दोन्ही कामे पगाराची, आणि दोन्हींच्या कपाळी ‘सेवा’ हे नाव. बाजाराचा दरवाजा बंदच राहिला. शिवण शिकवले ते गरजेपुरते. कापडाची खरेदी, दर आणि वसुली या गोष्टी कोणी शिकवल्या नाहीत. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्तिसदनात छापखाना चालवला, खिळे जुळवण्यापासूनची कामे बायकांच्या हाती दिली. पण धर्मांतराच्या वादात आपण इतके गुंतलो की, बायका छापखाना चालवू शकतात ही साधी गोष्ट शिकायची राहूनच गेली.

रंगभूमीचे पाहा. हिराबाई बडोदेकरांनी १९२९च्या सुमारास स्वतःची नाटक मंडळी काढली. नाटक मंडळी म्हणजे केवढा पसारा! नटांचे पगार, पडदे, कपडे, थिएटरचे भाडे, गावोगावचा प्रवास, बिऱ्हाडांचे जेवणखाण. मंडळी कर्जात बुडाली आणि हिराबाईंनी मैफली करून ते कर्ज फेडले. त्यांच्या सुरांबद्दल आपण भरभरून बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण एका बाईने कंपनी काढली, तोटा सोसला आणि धनकोंची बाकी बुडवली नाही, ही गोष्ट व्यापाराच्या कोणत्या धड्यात आहे? गंधर्व मंडळींच्या कर्जाच्या कथा आपण किती रंगवून सांगतो!

आणि एवढे सगळे लिहिताना कोळीवाड्याकडे बोट दाखवल्यावाचून राहवत नाही. तिथे दर्यावर पुरुष जातो, पण मासळी किनाऱ्याला लागली की ती बाईची. भाव ती ठरवते, पाटी ती उचलते, गिऱ्हाइकाशी हुज्जत ती घालते आणि पैसा तिच्या कमरेला राहतो. कोळणीला “नवऱ्याला हातभार लावतेस का गं?” असे विचारायची कोणाची छाती आहे? पाण्यातून मासळीच्या पाटीने जे उत्तर मिळेल ते विचारणाऱ्याच्या सात पिढ्या विसरणार नाहीत. रोकड जिच्या कमरेला असते, तिला शब्द जपून वापरावे लागतात. म्हणजे हा प्रश्न बायकांच्या स्वभावाचा नाही, रोकड कोणाच्या हाती राहते याचा आहे.

माझ्याशी वाद घालणारे शेवटी एक हुकमी पान टाकतात. “त्या बायकांनी कधी तक्रार केली नाही. त्यांनी प्रेमाने केले. आम्ही त्यांना अन्नपूर्णा म्हणतो!” प्रेमाने केले हे खरे आहे. आत्याआजी आजारी गड्याला पेज करून घालत असे आणि तिची रेघ भिंतीवर ओढत नसे. पण जो वाणी गिऱ्हाइकाच्या मुलाच्या हातावर गुळाचा खडा ठेवतो, त्याचे दुकान आपण त्यापायी काढून घेत नाही. बाईने जिव्हाळा दाखवला की तिचे दुकान मात्र प्रेमखाती जमा! आणि देवीपण दिले म्हणता, तर देवीचे एक बरे असते. तिला बिल द्यावे लागत नाही.

अन्नपूर्णा हे नाव तक्रारीसह कसे वापरायचे ते प्रेमा पुरव यांनी दाखवून दिले. १९७५ साली त्यांनी मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते याच खाणावळवाल्यांसाठी. या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवायचे, तर बँकेने त्यांना त्यांच्या नावावर कर्ज दिले पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला. राष्ट्रीयीकरण झालेल्या बँकांच्या दारात खाणावळवाली कर्जदार म्हणून उभी राहिली, आणि तिने कर्ज फेडूनही दाखवले. जे काम १९१०-२० पासून चालत आले होते, त्याला धंदा म्हणायला मुंबईने एवढी वर्षे लावली! त्याआधी १९५९ साली गिरगावच्या एका चाळीच्या गच्चीवर सात बायका उसन्या ८० रुपयांवर पापड लाटायला बसल्या. लिज्जतच्या त्या बायकांनी दंडक घातला तो असा, की देणगी घ्यायची नाही, धंदा धंद्यासारखा करायचा आणि हिशेब चोख ठेवायचा. पापड घरोघर लाटले जात होतेच. त्या सात जणींनी पापडाच्या जोडीला वही ठेवली, म्हणून ते नाव आज देशभर आहे.

आता तुमच्या समोरच्या ताटाकडे वळते. रागावू नका, फराळ सुखाने खा. पण त्या ताटातली चकली कोणी केली? पुष्कळ घरांत ती आता घरी होत नाही. शेजारच्या इमारतीतल्या एखाद्या काकूंकडे, नाहीतर भाजणी करून देणाऱ्या मावशींकडे आपण नवरात्रातच सांगून ठेवतो. मिठाईच्या दुकानात पेटीवर लिहिलेला दर आपण मुकाट्याने मोजतो. पेटीच्या पुठ्ठ्याचेही पैसे मिठाईच्या भावाने देतो. आणि मावशींना म्हणतो, “घरचेच तर आहे, जरा कमी करा ना!” घरचे आहे म्हणूनच तर जास्त द्यायला हवे! भाजणीचे धान्य धुणे, वाळवणे, भाजणे, दळून आणणे, तेल, गॅस, सोऱ्या फिरवून दुखावलेले मनगट, मोडकी चकली बाजूला काढल्याचा तोटा, हे सगळे त्या किलोत आहे. मावशींनी आपल्या श्रमाचे तास त्यात धरले आहेत का, हे विचारून पाहा. दहांतल्या नऊ जणी हसून म्हणतील, “माझे कसले तास? घरीच तर असते मी!” शंभर वर्षांपूर्वीचा तो शब्द आता तिने स्वतःच गिळलेला आहे. आपण तो गिळायला लावला.

म्हणून या दिवाळीत माझ्या मागण्या आहेत, आणि त्या सगळ्या मोजून घेता येतील अशाच आहेत.

फराळाचे, डब्याचे, शिवणाचे पैसे माल हाती पडेल त्याच दिवशी द्या. आठ दिवसांनी दिलेला रुपया हा पुरा रुपया नसतो. आठ दिवस तिने तुम्हाला कर्ज दिलेले असते. दर पाडू नका. परवडत नसेल तर अर्धा किलो घ्या. भाऊबीजेच्या पाकिटाने आणि दिवाळीच्या साडीने मजुरीची भरपाई झाली असे समजू नका. ओवाळणी वेगळी, येणे वेगळे.

घरातली बाई धंदा करत असेल, तर त्या धंद्याचा परवाना, बँकेतले खाते, जागेची पावती आणि पाटी यांवर तिचे नाव असू द्या. “नावात काय आहे, सगळे एकच तर आहे,” असे यजमान म्हणाले, तर त्यांना विनयाने सांगा की, सगळे एकच असेल तर मग माझे नाव घालायला हरकत कसली? आणि बायांनो, मृत्युपत्र करा. ते म्हाताऱ्यांनी आणि श्रीमंतांनीच करायचे असते, हा समज सोडा. ज्या बाईच्या खात्यावर स्वतःचे पाच हजार आहेत तिने त्या पाच हजारांचे काय करायचे ते लिहून ठेवावे. पंधराव्या कलमाला आपल्या लेखणीखेरीज दुसरे उत्तर नाही.

घरातल्या मुलांना मागच्या पिढीची गोष्ट सांगाल तेव्हा क्रियापद नीट वापरा. “आजीने हातभार लावला” नव्हे. “आजीने खाणावळ चालवली”, “आजीने शिवणाचा धंदा केला”, “आजीने उधारीवर पंधरा माणसे जेवू घातली आणि सगळी वसूल केली” असे सांगा. आजोबांचे त्यात काही कमी होत नाही. आजोबांनी बाकावर बसून जे केले तेही प्रेमाने सांगा. हवे तर त्यालाच हातभार म्हणा!

आणि पाडव्याला ओवाळून घेताना ताटात काय घालायचे, हा ज्यांना प्रश्न असेल त्यांच्यासाठी शेवटची सूचना. लाल कापडी बांधणीची एक वही आणा. पहिल्या पानावर ‘श्री’ काढा, त्याखाली धंद्याचे नाव आणि त्याखाली मालक म्हणून तिचे नाव लिहा. आजवर तिने घातलेले भांडवल किती आणि तिचे येणे किती, हे दोन आकडे मात्र तुम्ही भरू नका; तिला विचारा आणि ती सांगेल ते लिहा.